मोरपंखीवरचा नवरदेव

वाशीम जिल्ह्यात असं एकही गाव उरलेलं नाही, जिथे आमच्या थोरल्या साडूंनी पोटभर पोहे खाऊन एखादं चांगलं पोरगं नाकारलेलं नाही. आणि त्यातलं एकही पोरगं असं नाही, जे नाकारलं जात असताना मी शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मान खाली घालून बसलेलो नाही. साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. भाऊ निवडता येत नाही असं म्हणतात, पण साडू तर आपल्या बायकोच्या बहिणीने निवडलेला असतो, आणि निस्तरायचा असतो आपण. आमच्याकडे साडभाऊ म्हणतात. रविवारी सकाळी फोन वाजला आणि पलीकडून "साडभाऊ, तयार राहा" असं ऐकू आलं की माझी बायको न बोलता माझा धुतलेला शर्ट काढून ठेवायची. कुठे जायचं हे विचारायची सोय नव्हती. धनज असो, इंझोरी असो, रिसोडकडचं एखादं आडगाव असो, एसटीत खिडकीची जागा साडूंची आणि सुजाताच्या बायोडाट्याची पिशवी माझ्या मांडीवर, हे ठरलेलं. मी कचेरीतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं की आता पाय पसरून बसू. पाय पसरले ते एसटीच्या दोन बाकांच्या मधल्या जागेत.

सुजाता म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वार्डात सिस्टर आहे. शांत, कामसू, आणि लग्नाचं वय कधीच मागे टाकलेली. तिच्यासाठी आलेली स्थळं आधी लोकांनी नाकारली. कोणाला नाइट ड्युटी खुपली, कोणाला रंग. पुढे साडूंनी सूड घेतल्यासारखी स्वतःच नाकारायला सुरुवात केली. लोकांना कारणं तरी सुचायची. साडूंना फक्त एकच कारण सुचायचं, ते म्हणजे घड्याळ. जन्मभर बसस्टँडजवळच्या टीचभर दुकानात डोळ्यात भिंग अडकवून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस तो. जगात माणसांच्या दोनच जाती आहेत असं त्यांचं मत, घड्याळ घालणारी आणि न घालणारी. पोरगं नमस्कार करायला वाकलं, की ते आशीर्वाद द्यायच्या निमित्ताने त्याचं मनगट धरत आणि कानाशी नेत. धनजला एक इंजिनिअर मुलगा होता. घर चांगलं, माणसं गोड. साडूंनी मनगट धरलं, स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि सोडून दिलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "घड्याळ पुढं पळून राह्यलं त्याचं. असा मानूस घाईघाईत संसार करते, साडभाऊ." पुढे मोबाईल आले आणि पोरांची मनगटं उघडी पडली. तेव्हापासून तर बापाला कुठलाच जावई पसंत पडेना.

इंझोरीची गोष्ट मी अजून विसरलेलो नाही. पोरगं बरं होतं, बोलणी रंगात आली होती, आणि तेवढ्यात साडूंची नजर भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे गेली. झालं. "हे काहून बंद हाय?" असं विचारत ते स्टुलावर चढले. पुढचा सगळा वेळ ते घड्याळ त्यांच्या मांडीवर उघडं पडलेलं, पोराची आई टॉर्च धरून उभी, बाप तेलाची बाटली शोधतोय, नवरामुलगा चिमटा आणायला शेजारी पळालाय. घड्याळ सुरू झालं तेव्हा घरात असा आनंद झाला की दुसऱ्यांदा चहा झाला, निघताना आम्हाला वेशीपर्यंत पोचवायला माणसं आली, आणि लग्नाचा विषय काढायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. त्या पोराचं लग्न नंतर दुसरीकडे झालं. आम्हाला आग्रहाचं बोलावणं होतं. साडू गेले, जेवले, आणि भिंतीवरचं घड्याळ बरोबर चालतंय हे पाहून समाधानाने परतले. सोबत मी होतोच.

हे सगळं चालू असताना सुजाताचं मन काय होतं, हे गुपित होतं असं मुळीच नाही. तिने आपल्या मावशीला, म्हणजे माझ्या बायकोला, स्वच्छ सांगितलं होतं, "मावशी, मले नाही कराचं लग्न. मले माहं काम आवडते, घर आवडते." आईलाही सांगितलं होतं. आई म्हणाली, लोक काय म्हणतील. मी स्वतः एकदा मंगरूळपीरच्या गाडीत साडूंच्या कानावर घातलं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पोरी असंच म्हनतात, साडभाऊ. लाजतात." आता जी बाई दिवसाकाठी परक्या घरच्या बाळंतिणींवर डाफरून त्यांच्याकडून श्वास घेववते, ती कसली लाजते? पण साडूंना एकदा एक वाटलं की ते चावी दिलेल्या घड्याळासारखं शेवटपर्यंत तेच वाटत राहतं. मी बोलणं सोडून दिलं. थकतो हो माणूस.

पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून साडूंनी फाटकाशी मोरपंखीची दोन झाडं लावली होती. सरूच्या कुळातलं हे झाड, थंड मुलखातलं. पोरं याच्या फांदीला विद्या म्हणतात आणि अभ्यास न करता पुस्तकात दाबून ठेवतात. दोनातलं एक झाड वाशीमच्या उन्हाने पहिल्याच वर्षी गेलं. दुसरं मात्र चिवटपणे वाढलं, इतकं की फाटक उघडायला अडचण व्हायला लागली. एका हिवाळ्यात साडूंना त्या झाडावर मुंग्यांची रांग दिसली. मुंग्या चढतात म्हणजे वर काहीतरी गोड आहे, असा विचार करून त्यांनी फांद्या बाजूला सारल्या. आत, खोडालगतच्या तपकिरी काड्यांवर, तिळाएवढे बारीक किडे चिकटून बसले होते. रंग थेट सालीचा, पाठीवर पीठ भुरभुरल्यासारखं. साधा मावा. आमच्याकडे कपाशीवर, तुरीवर मावा पडतो तसाच, पण हा जन्माचा मोरपंखीवरच राहणारा, दुसऱ्या झाडाचं तोंड न पाहणारा. दुसरा कोणीही असता तर फवारा मारून मोकळा झाला असता. पण त्याच सुमाराला दुकानात गिऱ्हाईक येईनासं झालं होतं, आणि साडूंच्या खिशात भिंग होतं. ज्या डोळ्याने आयुष्यभर बारीक चाकं पाहिली त्या डोळ्याला काहीतरी बारीक हवं होतं. त्यांनी भिंग डोळ्यात बसवलं, झाडात डोकं घातलं, आणि तिथून पुढे आमचे साडू ओळखीच्या माणसांना बहुधा पाठमोरेच भेटत गेले.

पहिले काही दिवस ते नुसते पाहत होते. मग एक दिवस फोन आला. "साडभाऊ, या. बाळंतपन चालू हाय." मी घाबरून ऑटो केली. जाऊन पाहतो तर साडू झाडात. मलाही भिंग लावायला लावलं. खरंच, एका माव्याच्या पोटातून एक इवलासा जीव पाय झाडत बाहेर येत होता. अंडं नाही, काही नाही, जिवंत पिल्लू. बाहेर आलं आणि लगेच चालायला लागलं. साडू कुजबुजले, "पाह्यलं? मायनं मांग वळून बी नाही पाह्यलं, रस पीतच राह्यली." सुजाता तेवढ्यात ड्युटीवरून आली. साडूंनी तिला फाटकातच धरलं. तिने पर्स खांद्यावर तशीच ठेवून भिंग डोळ्याला लावलं, जरा वेळ पाहिलं, आणि वार्डातल्या आवाजात म्हणाली, "पायाळू हाय, बाबा." पुन्हा पाहिलं. "सारेच पायाळू होऊन राह्यले, अन् एकीले बी सलाईन नाही लागून राह्यली." भिंग परत देऊन ती आत झोपायला गेली.

आता यापुढे कोणत्याही माणसाने काय केलं असतं? आश्चर्य केलं असतं आणि चहा घेतला असता. साडूंच्या डोक्यात मात्र बापाचा किडा. त्यांनी विचारलं, "या साऱ्या बाया. मंग या बायायचा नवरा कुठं हाय?" झालं, स्थळ पाहणं सुरू. जिल्हाभर नवरदेव शोधून न सापडलेला हा माणूस आता मोरपंखीच्या झाडात नवरदेव शोधायला लागला. फांदी न् फांदी पालथी घातली. जरा मोठा किडा दिसला की "हा असन", जरा काळा दिसला की "हा असन", आणि संध्याकाळपर्यंत तो मोठा किंवा काळा किडा शांतपणे पिल्लू देऊन मोकळा व्हायचा. ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, वैतागली. झाडातून चिकट थेंब गळत, ते वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत. एका रविवारी पाहुण्यांनी मोटारसायकल झाडाखाली लावली, तर परत निघताना मुलाचा मामा सीटला असा चिकटला की त्याला दोघांनी उतरवावं लागलं. शेजारचा पाटील तुरीचा पंप घेऊन आला, म्हणाला, एका फवाऱ्यात काम तमाम करतो. साडू झाडापुढे आडवे उभे राहिले. "नवरदेव सापडेस्तोर फवारा नाही." पाटलाने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं.

शेवटी मीच त्यांना शेतकीच्या कचेरीत घेऊन गेलो. म्हटलं, एकदाचा निकाल लागू दे. तिथल्या तरुण साहेबाने डबीतले किडे पाहिले आणि हसून सांगितलं, "काका, ह्याच्यात आपल्याकडं नर नसतोच. माद्याच माद्यांना जन्म देतात. पिढ्या न् पिढ्या असंच चालतं." साडूंनी मान डोलावून डबीचं झाकण लावलं. बाहेर पायरीवर बसून चप्पल घालताना मात्र म्हणाले, "नोकरी लागली का पोट्टे कायबी सांगतात. बिना नवऱ्याचं कुठं चालते?" आणि मग त्यांच्या चालण्यात एवढा निर्धार होता की मला पुढचे सगळे रविवार डोळ्यांपुढे दिसले.

आणि थंडी सरता सरता नवरदेव सापडला. म्हणजे साडूंना तशी खात्री झाली. त्या सगळ्या बिनपंखी गर्दीत एक किडा असा निघाला ज्याच्या पाठीवर दोन स्वच्छ, काचेसारखे पंख होते. साडूंचा आनंद विचारू नका. काच पुसलेल्या घड्याळासारखा त्यांचा चेहरा उजळला. "बाकीच्या घरच्या, अन् हा बाहेरून आला. पंख लावून. नवरदेव घोड्यावर येते का नाही, तसा." आल्या-गेल्याला भिंगातून नवरदेव दाखवला जाऊ लागला. ताईने हात जोडून नमस्कार केला, तो किड्याला नव्हता. मी म्हणालो, "आता झालं ना समाधान?" ते म्हणाले, "पाहू तं द्या संसार." आणि झाडाशी खुर्ची टाकून बसले.

तीन-चार दिवसांनी भर दुपारी फोन आला. आवाज अगदी बारीक. "साडभाऊ, नवरदेव बाळंत झाला."

मी गेलो. मला हसू येत होतं, ते मी फाटकाबाहेरच आवरून आत गेलो. साडू खुर्चीवर बसले होते, भिंग हातात. मला त्यांनी पाहायलाही सांगितलं नाही. मी शेजारी पायरीवर बसलो. मग ते म्हणाले, "त्या साहेबाचं खरं निघालं." मी म्हणालो, असेल. ते म्हणाले, "पन भांडन नाही, तंटा नाही. सारं झाड भरून गेलं. कोनी रडून नाही राह्यलं." त्यांचं हे बोलणं किड्यांबद्दल आहे असं मी धरून चाललो, कारण दुसरं काही धरायची माझ्यात ताकद नव्हती.

त्यानंतरच्या रविवारी कारंज्याचं स्थळ आलं, आणि इतकं चांगलं स्थळ त्या सगळ्या वर्षांत आलं नव्हतं. मुलगा शाळेत मास्तर, पहिली बायको आजारात गेलेली, स्वभावाने मऊ. आल्याबरोबर "जय भीम काका" म्हणून वाकला, तेव्हा साडूंनी सवयीने मनगट धरलं. घड्याळ होतं. चावीचं होतं. वेळ बरोबर होती. मी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. संपलं एकदाचं, असं वाटलं. सुजाता रात्रपाळी करून आली होती, साडी नेसून चहा घेऊन आली, टेबलावर ठेवला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली. झोपेने डोळे लाल झालेले. मुलाची आत्या तेवढी बोलकी होती. तिने नोकरी विचारली, पाळ्या विचारल्या, आणि मग सुजाताकडे पाहत साडूंना म्हणाली, "भाऊ, वाईट नका वाटून घेऊ, पन पोरीचं वय झालं. तुमच्या मांगं हिचं एकटीचं कसं होईन? बाईच्या जातीले मानसाचा आधार लागतेच."

हा प्रश्न आमच्या साडूंना नवा नव्हता. दर ठिकाणी विचारला जायचा आणि दर ठिकाणी साडू हात जोडून म्हणायचे, "म्हनून तं तुमच्या दारी आलो." मीही तेच ऐकायला तयार होतो. पण साडूंनी या वेळी हात जोडले नाहीत. मग खिशातून भिंग काढलं आणि म्हणाले, "बाई, जरा बाहेर चाला." मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सगळी बैठक फाटकाशी गेली होती आणि आत्याबाई पदर सावरत मोरपंखीत डोकं घालून उभ्या होत्या.

"काय दिसते?" साडूंनी विचारलं.

"किडे," आत्याबाई म्हणाल्या.

"बाया हायेत. साऱ्या बायाच. यायच्यात मानूस नाही. म्या सारा हिवाळा शोधला."

"मंग राह्यतात कशा?"

"मजेत राह्यतात," साडू म्हणाले. आणि मग ते वळले. सुजाता दारात उभी होती. एवढ्या वर्षांत आम्ही इतकी गावं फिरलो, इतक्या लोकांना विचारलं, आत्यांना, मामांना, मध्यस्थांना. तिला विचारताना मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "सुजा, तुले कराचं हाय का लग्न?"

"नाही, बाबा," ती म्हणाली. आवाज वार्डातला नव्हता. लहान पोरीचा होता.

"मंग राहू दे," साडू म्हणाले.

आत्याबाई पदराला लागलेला चिकटा पुसू लागल्या. मास्तर मात्र पुढे आला, म्हणाला, "काका, मी बी पाहू का?" त्याने भिंगातून खूप वेळ पाहिलं. भिंग परत देताना हळूच म्हणाला, "मले बी आत्यानंच धरून आनलं. मी बी अजून तयार नाही." साडूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतकी बरोबर वेळ दाखवणारा जावई हातचा गेल्याचं त्यांना वाईट वाटलंच असणार, कारण मोटारसायकल वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते उभे होते. घरात येऊन त्यांनी ताईला एवढंच सांगितलं, "तिले झोपू दे." आणि माझ्या शेजारी बसत म्हणाले, "साऱ्या दुनियेले इचारलं म्या, साडभाऊ. पोरीले इचाराचं राह्यलं."

माझे रविवार त्यानंतर रिकामे झाले. ज्या विसाव्यासाठी इतकी वर्षं कण्हत होतो तो मिळाला, आणि सकाळी आठ वाजले की मी उगाच फोनकडे पाहत बसायचो. बायको म्हणाली, जाऊन या की. मग मीच जायला लागलो. ऊन चढलं होतं. होळीनंतर आमच्याकडे जे ऊन पडतं त्यात माणसं टिकतात तेच खूप, मावा कुठला टिकायला. मोरपंखीवर एक किडा उरला नाही. मुंग्याही गेल्या. साडू तरी सावलीला खुर्ची टाकून झाडाकडे तोंड करून बसलेले असायचे. मी म्हणायचो, थंडीत येतील परत. ते मान हलवायचे.

एका संध्याकाळी असेच बसलो होतो. साडू एकदम म्हणाले, "ते सारं बरोबर हाय, साडभाऊ. पोरगी खूश हाय, मी बी खूश हाय. पन एक सांगा. मी गेलो, तिची माय गेली, अन् तिले ताप भरला, तं तिले पानी कोन देईन?" याचं उत्तर मला ठाऊक असतं तर इतकी वर्षं एसटीने फिरलो असतो का? मी त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्याभोवती भिंगाने पडलेला वळ, पिकलेल्या भुवया. मला एकदम फार वाईट वाटलं. हा माणूस मला जन्मभर दमवत आला होता, आणि तो स्वतः किती दमला असेल हे मला त्या वेळी दिसलं.

फाटक वाजलं. सुजाता ड्युटीवरून आली होती, तिने ऐकलं होतं. तिने खुर्ची ओढली, आमच्यात बसली, पायातल्या चपला काढल्या. "बाबा," ती म्हणाली, "आमच्या वार्डात येतात त्या साऱ्यायले नवरे असतात. रात्री त्यायले पानी कोन देते? मीच देते."

साडूंनी विचार केला. "अन् तुले?"

ती दिवसभर राबून दमली होती. खुर्चीला डोकं टेकवून तिने डोळे मिटले. साडू खुर्चीच्या हाताचा आधार घेऊन उठले, गुडघा धरत आत गेले, आणि तिच्यासाठी माठातलं पाणी घेऊन आले.